कडूबाईच्या दारातला चाफा

कडूबाईला गावचा हिवाळा माहीत नव्हता. ऐकायला खोटं वाटेल, पण पन्नाशी उलटलेली ही बाई जन्मली परभणीकडच्या झरीजवळच्या एका गावात, दिली गेली शेजारच्याच गावात, आणि तरी तिनं गावातली संक्रांत कधी पाहिली नव्हती. लहानपणी आईबापाच्या मागं आणि लग्नानंतर नवऱ्याच्या जोडीनं, दिवाळीचे दिवे विझले की ती ऊसतोडीला जायची ती ऊन चटका द्यायला लागल्यावरच परत यायची. मधल्या दिवसांत गावात थंडी कशी पडते, हुरडा कुठं होतो, कोणत्या झाडाचं काय होतं, हे तिला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तेव्हा ती कुठंतरी परमुलखात उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत झोपलेली असायची आणि पहाटे उठून फडात उतरलेली असायची.

नावाचंही एकदा सांगून टाकलेलं बरं. तिच्या आधीची भावंडं राहिली नाहीत, म्हणून काळाच्या तोंडाला गोड लागू नये यासाठी आजीनं हिचं नाव कडू ठेवलं. पोरगी जगली, नाव चिकटलं, आणि पुढं लोकांनी ते उगाच खरं मानलं. प्रत्यक्षात बाई गोड होती. थकलेली होती एवढंच.

तिचं घर होतं ऊसतोड्यांच्या गल्लीत. अर्धं वर्ष तिथं दारोदार कुलूप, म्हणून गाव तिला कुलुपाची गल्लीच म्हणायचं. वरच्या आळीत प्रत्येकाच्या अंगणात काही ना काही होतं. कुणाचा पारिजातक, कुणाची पिवळी कण्हेर, नव्या स्लॅबच्या घरांपुढं तर खोट्या अशोकाच्या शिस्तीत उभ्या रांगा. कुलुपाच्या गल्लीत मात्र बोडकी अंगणं आणि वाळलेल्या गाजरगवताचा कचरा. परत आलं की कडूबाईला ते बघवायचं नाही. "दारात झाड असलं की घर नांदतं दिसतंय," ती म्हणायची. तिला एक झाड हवं होतं. मळा नको, बाग नको, दारात एक झाड. त्या एका झाडासाठी तिनं उभा जन्म खटपट केली.

पहिल्यांदा तिनं जास्वंद लावली, ती शेळ्यांनी खाल्ली. मोगरा लावला, तो पाण्यावाचून गेला. पारिजातक चांगला कमरेएवढा झाला होता, पण त्या साली काळ्या मातीला अशा भेगा पडल्या की मुळ्या उघड्या पडून तोही वाळला. बिनपाण्याच्या, बिनमाणसाच्या अंगणात दुसरं काय होणार? पुढं तिची लेक ज्ञानेश्वरी चारठाण्याला नांदायला गेली. तिथं जुन्या देवळापाशी एक म्हातारा चाफा होता, पांढऱ्या फुलांचा, मधे पिवळसर. लेकीनं सांगितलं, "आई, ह्येची फांदी लावली की लागती, आन् शेळी ह्येला तोंड लावत न्हाई." झालं. तेव्हापासून दर नागपंचमीला कडूबाई लेकीकडं जायची आणि पदरात चाफ्याची फांदी घेऊन यायची. फांदी लागायचीसुद्धा. पोळ्याला पानं, दसऱ्याला हातभर पानं, कधी एखादं फूल. मग दिवाळी व्हायची, ट्रक यायचा, आणि दाराला कुलूप लागायचं.

परत यायची तेव्हा तिथं राखाडी, बोडकी काठी उभी असायची. एक पान नाही.

तिचा नवरा पंडित फार बोलणारा गडी नाही. पण दरसाल परत आल्यावर तो एक काम न सांगता करायचा. कडूबाई गाडीतून भांडीकुंडी, शेळीची दोरी, गोधड्या उतरवून घेत असायची, तेवढ्यात हा पुढं जायचा आणि ती काठी उपटून टाकायचा. बायको अंगणात पाय ठेवेपर्यंत जागा सारवल्यासारखी सपाट. त्यावर दोघं कधी एक शब्द बोलले नाहीत. तिला कळायचं, आणि तिला कळतं हे त्यालाही कळायचं. फक्त संध्याकाळी बाजेवर बसून तो एवढंच म्हणायचा, "तुझ्या हाताला गुण न्हाई बघ." चिडून नव्हे, दमून म्हणायचा. गल्लीतल्या बायकांनी ते उचललं. कुणाच्या घरी तुळस लावायची असली तरी कुणीतरी हसत म्हणायचं, कडूला नका हात लावू देऊ. कडूबाईही हसायची. रोजचंच झालं की माणूस हसतं, पण आत ते लागायचं, आणि होता होता तिनं ते मनोमन कबूल करून टाकलं.

मागच्या गाळपात ती ट्रकवर मोळी चढवताना फळीवरून घसरली. मोळीसकट खाली. कंबर गेली. सरळ उभं राहता येऊ लागलं, पण डोक्यावर ओझं घ्यायचं नाही असं दवाखान्यात सांगितलं. आता ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमानं तोंड वाकडं केलं. शेवटी पंडितनं पुतण्याशी जोडी जमवली, आणि कडूबाई आयुष्यात पहिल्यांदा घरी राहायची ठरली. आरामाला म्हणून नव्हे. मृगातच तिनं परभणी रस्त्यावरच्या एका नर्सरीत काम धरलं होतं.

ही नर्सरी राजेश्री नावाच्या बाईची. शिकलेली, तिशीतली, उन्हानं रापलेली आणि गिऱ्हाइकांनी बेजार केलेली. परभणीच्या नव्या कॉलन्यांत बंगले उठायलेत, आणि प्रत्येक बंगल्याला वास्तुशांतीच्या आधी बाग पाहिजे असते. कडूबाईचं काम पिशव्या भरायचं, पाणी द्यायचं आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन रोपं लावायचं. शेवटच्या कामाला ती भ्यायची. आपल्या हाताला गुण नाही ही गोष्ट तिनं राजेश्रीताईला सांगितली नव्हती. सांगितली असती तर काम गेलं असतं, असं तिला खरंच वाटायचं.

पावसाळ्यात एक दिवस बन्सीधरराव आले. पूर्णेला रेल्वेत नोकरी, सगळी हयात क्वार्टरात गेली, आता निवृत्त होऊन परभणीत घर बांधलेलं. माणूस सज्जन, पण झाड निवडायचं म्हणजे मुलगी बघायला आल्यासारखा तोरा.

"ताई, झाड लवकर वाढलं पाहिजे. सावली पाहिजे, पण पानं पडायला नकोत, आमच्या घरी झाडलोट होत नाही. फुलं पाहिजेत, पण किडे नकोत. मुळ्या घराच्या पायाकडं जायला नकोत, आणि शेंडा वरच्या तारेला लागायला नको."

"काका, असं झाड मी पण शोधायलेय," राजेश्री म्हणाली. "सापडलं की पहिलं तुमच्याकडं पाठवते."

हसली, पण डोळे थकलेले होते. असं गिऱ्हाईक दिवसाला एक तरी यायचंच. तिनं मग नेहमीसारखं सगळं फिरून दाखवलं. कोनोकार्पस नको काका, डोळ्यादेखत हिरवा होतो, पण मुळ्या पाइपात शिरतात. गुलमोहर देखणा, पण भिंतीपासून लांब पाहिजे, वावटळीत फांदी मोडते. बहावा लावा, उन्हाळ्यात सगळा पिवळा होतो, पण काही वर्षं वाट बघायची तयारी ठेवा. बकुळ हवी असेल तर नातवंडांचा विचार करून लावा. दारापाशी छोटं काही पाहिजे तर कुंती आहे, तगर आहे. बन्सीधरराव प्रत्येक झाडापाशी मान हलवायचे आणि पुढं सरकायचे. वाट बघणं म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. आयुष्यभर गाड्यांचीच वाट पाहिली होती बिचाऱ्यांनी. शेवटी फुलावर आलेला एक चाफा त्यांच्या मनात भरला.

"काळ्या रानात खड्ड्यात पाणी साचतं," राजेश्रीनं बजावलं. "मुरूम मिसळून जरा उंचवटा करून लावा. कडूबाई येतील."

कडूबाई गेली. खड्डा तिनं खणला, मुरूम तिनं कालवला, उंचवटाही केला. पण रोप मातीत ठेवायची वेळ आली तशी ती मागं सरली. "सायेब, तुमच्या दारचं झाड हाय. तुमच्या हातानं ठिवा." बन्सीधररावांना तो मान वाटला. त्यांनी टोपी काढून रोप ठेवलं, बायकोकडून फोटो काढून घेतला. कडूबाईला तेवढ्यानंच सुटल्यासारखं झालं. पुढं ती प्रत्येक घरी असंच करायला लागली, आणि लोक म्हणायला लागले, बाई फार रीतीची आहे.

तिच्या स्वतःच्या दारातही त्या साली पंचमीची फांदी लागली होतीच. सवयच होती ती. दिवाळीनंतर पंडित गेला. जाताना त्यानं चाफ्याकडं पाहिलं, चांगली पानं होती, आणि म्हणाला, "औंदा तू हायस. पाणी घाल." कडूबाईनं पाणी घातलं. रोज सकाळी तांब्याभर, कामावरून आली की परत तांब्याभर. आणि तरी थंडी पडायला लागली तशी पानं पिवळी पडली. एकेक करून गळाली. तिनं पाणी वाढवलं. शेळीची लेंडी घातली. नारळ फोडला. तरी शेवटी तीच राखाडी, बोडकी काठी राहिली.

त्या दिवशी ती दारात बसून रडली. इतकी वर्षं सबब होती, घरी कुणी नसायचं. आता तीही सबब गेली. आता फक्त तिचा हात उरला होता.

संक्रांतीच्या सुमाराला बन्सीधरराव नर्सरीत आले. स्कूटर लावली, मोबाइल पुढं धरला. फोटोत त्यांचा चाफा, नागडा उघडा.

"ताई, झाड गेलं तुमचं."

राजेश्री काही बोलायच्या आत कडूबाईच बोलून गेली. "गेलंच की. आमच्या दारचं बी गेलंय. ह्ये झाड असंच हाय सायेब. दिवाळीपस्तोर नादी लावतंय आन् मंग मरतंय."

राजेश्री दोघांकडं पाहत राहिली. मग तिनं कपाळावर हात मारला आणि दमलेल्या माणसाचं हसू हसली. कोपऱ्यात चाफ्याच्या पिशव्यांची ओळ होती, सगळ्या तशाच बोडक्या. एका काठीवर तिनं नखानं जरासं खरवडलं. आत हिरवं होतं, आणि त्या हिरव्यावर पांढरा चीक आला.

"माझंच सांगायचं राहिलं. मेलं नाही. झोपलंय. चाफा थंडीत पानं टाकून देतो, दरसाल. चैत्रात उन्हं तापली की परत फुटतो. तुम्ही पाणी घालत बसलात तर मात्र खरंच कुजेल काका, आता पाणी तोडा."

बन्सीधररावांचा जीव भांड्यात पडला. "आम्हाला कुठं माहीत हो, क्वार्टरात कधी झाड ठेवलं नाही," असं म्हणत ते गेले. कडूबाई मात्र पिशव्यांच्या ओळीपुढं तशीच उभी.

"दरसाल?" तिनं विचारलं.

"दरसाल."

"आन् ज्या काठ्या आदी वाळल्या, त्या...?"

"कुठल्या काठ्या?"

कडूबाई म्हणाली, काही नाही. आणि झारी घेऊन पाणी द्यायला गेली.

आनंद व्हायला हवा होता, पण तिला तो झाला नाही. घरी जाताना सगळी वाट तिला एकच दिसत होतं: उतरवलेली भांडी, पुढं गेलेला पंडित, आणि सपाट केलेलं अंगण. चारठाण्याहून पदरात आणलेली एकेक फांदी. सगळ्या जिवंत होत्या. चैत्र तोंडावर आला की ती दोघं यायची, आणि झाड जागं व्हायच्या आत हा माणूस उपटून टाकायचा. त्याला तरी कसा दोष द्यायचा? हिवाळा त्यानंही पाहिला नव्हता. पण तिनं जे ऐकून घेतलं होतं त्याचं काय? ती दारापाशी आली, वाकली, कंबरेत कळ आली, आणि नखानं काठी खरवडली. चीक आला. तिनं तो बोट लावून पाहिला आणि पदराला पुसला.

त्या दिवसापासून तिनं पाणी बंद केलं. शेजारची सुलाबाई म्हणाली, "दिलं का सोडून?" ती हो म्हणाली. सांगून कुणाला पटणार होतं? पंडितचा फोन आठवड्याकाठी यायचा, फडाच्या बांधावरून, वाऱ्याच्या आवाजात. एकदा तिनं सुरुवात केली, "आवं, त्या चाफ्याचं..."

"मेला ना? जाऊ दे," तो म्हणाला. "जीवाला लावून घिऊ नगं."

 तिच्या मनात आलं, सांगायचं कशाला, येतील तेव्हा पानांसकट बघतील की. तेवढी एक हौस तिनं स्वतःसाठी ठेवली. तिच्या आयुष्यात हौसेच्या गोष्टी तशा कमीच होत्या.

फाल्गुन लागला. एका सकाळी कामावर निघताना तिला काठीच्या शेंड्याला हिरवा ठिपका दिसला. वाटाण्याएवढा असेल. तिनं दोनदा वाकून पाहिलं, कंबरेची पर्वा केली नाही. दिवसभर नर्सरीत ती गुणगुणत होती, तेव्हा राजेश्रीनं विचारलंसुद्धा, काय झालं म्हणून. कडूबाई म्हणाली, उद्या सांगते.

नेमका त्या साली ऊस कमी होता. कारखाना लवकर बंद झाला आणि पंडित कुणाला न कळवता त्याच दुपारी गावात उतरला.

कडूबाई दिवस कलताना गल्लीत शिरली. लांबूनच तिला अंगण दिसलं. झाडून काढलेलं आणि सपाट केलेलं. काठी नव्हती. तिचे पाय तिथंच थांबले. हातातला डबा खाली ठेवावा की धरावा हेही तिला सुचेना.

पंडित उंबऱ्यावर बसला होता. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, सदऱ्याला उसाचा काळा मळ. शेजारी कोयता पडलेला. त्याच्या मांडीवर चाफ्याचे दोन तुकडे होते. आंघोळीच्या पाण्याला जळण करावं म्हणून त्यानं काठीवर एकच घाव घातला होता, आणि थांबला होता. कोयत्याच्या पात्यावर पांढरं वाळलं होतं. त्याच्या तळहातावरही.

त्यानं मान वर केली. "कडे," तो म्हणाला, "ह्येला दूध आलं."

ती जवळ आली. त्याच्याजवळ उंबऱ्यावर बसली. बसताना कंबर धरली, तसं त्यानं तिच्या कोपराला हात दिला.

"जित्तं व्हतं ते," ती म्हणाली. "थंडीत पानं टाकून देतंय. चैत्रात परत फुटतंय. बघा, हितं कोंब आलाय." वरच्या तुकड्याचा शेंडा तिनं त्याला दाखवला. कोंब शाबूत होता.

पंडितनं त्या ठिपक्यावरून हलकेच बोट फिरवलं. गल्लीत कुणाची तरी शेळी ओरडत होती. मग त्यानं हळूच विचारलं, "मंग आदीचे?"

"तेबी."

"समदे?"

"समदे."

तो तळहातावरचा चीक दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं घासायला लागला. तो चिकट असतो, घासून जात नाही. कडूबाईला त्याचा राग यायला हवा होता; कामावरून येताना वाटेत तिनं किती वेळा मनात भांडून पाहिलं होतं. पण समोर बसलेला माणूस इतका दमलेला होता की भांडण तिला सापडेना. तीही काही कमी दमलेली नव्हती.

"ह्ये तुकडे वाया न्हाई जात," ती म्हणाली. "सावलीला ठिवायचे. घाव वाळला की लावायचे. दोन्ही लागत्यात. ताई करत्यात तसंच."

तिनं ते दोन्ही तुकडे त्याच्या मांडीवरून उचलले आणि आतल्या भिंतीला टेकवून ठेवले. चुलीवर चहाचं आधण चढवलं. बाहेर पंडित अजून तसाच उंबऱ्यावर होता, सपाट केलेल्या अंगणाकडं तोंड करून.

"कडे," त्यानं आत न बघता हाक मारली. "गुण व्हता की गं तुझ्या हाताला."

आधण उकळायला लागलं होतं. तिनं त्यात साखर टाकली.

"लोक काय काय मनायचे तुला," तो म्हणाला.

"तुमीबी मनायचा."

"मीबी मनायचो," पंडित म्हणाला.

तिनं चहा गाळला. एक कप त्याच्या हातात दिला, एक स्वतः घेतला, आणि दोघं अंगणाकडं बघत प्याले. पिऊन झाल्यावर तो उठला, खुरपं शोधलं, आणि ज्या जागेवरून काठी उपटली होती तिथली माती पुन्हा भुसभुशीत करू लागला. तिथून हातभर अंतरावर त्यानं दुसरी जागा केली.

"मी न्हाई लावणार," खाली मान घालूनच तो म्हणाला. "तूच लाव. तुझ्या हातानं."